सहावा सांधा

सीताफळं आली की माझं डोकं फिरतं. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. पाटी दारात उतरली की सून ती मागच्या दारानं आत नेते, आणि नातवंडं बिया थुंकायला परसात पळतात. म्हातारा कशावर एवढा चिडतो, हे आता कुणी विचारतही नाही. वय झालं, म्हणतात आणि सोडून देतात. बरंच आहे. विचारलं असतं तर मला धड सांगता आलं नसतं.

यंदाही आली. आश्विन सरत आला, ऊन पिवळं पडलं, पहाटे पायांवर काहीतरी ओढून घ्यावंसं वाटायला लागलं, आणि डोंगराकडच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन बिडाच्या बाजारात उतरल्या. कापसाची पहिली वेचणी, ज्वारीची पेर, दिवाळीची सारवणं. आमच्या मुलखात याच्याइतके गोड दिवस वर्षात दुसरे नसतात. मलाही ते आवडायचे. पण एका वर्षी ते दिवस मी तलवाड्याकडच्या एका गावी, एका मोठ्या घरच्या सोप्यात काढले. सोप्याच्या कोपऱ्यात कडब्यात सीताफळं पिकत घातली होती. तेव्हापासून तो गोड वास नाकात गेला की जळक्या तारेचा वास त्याच्या मागोमाग येतो. गावाचं नाव सांगत नाही. त्या घरातली माणसं अजून आहेत.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी घडीसाज होतो. घड्याळं दुरुस्त करायचो. हात चांगला होता, असं लोक म्हणायचे. खरं तर मीच जास्त म्हणायचो. त्या घरच्या थोरल्या मालकांनी मला न्यायला बिडाला मोटार पाठवली, तेव्हा मला वाटलं, एखादं मोठं लंबकाचं घड्याळ बंद पडलं असेल. हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन ऐटीत बसून गेलो. सगळी पेठ बघत होती, आणि बघते आहे याची खात्री मी दोनदा मागे वळून करून घेतली.

घड्याळ नव्हतं. आगगाडी होती.

वीतभर लांबीचं इंजिन, त्याला पाच डबे. सोप्यात कंबरेएवढ्या उंचीवर फळ्यांचा मोठा चौकोन केलेला, त्यावर रूळ. चौकोनाच्या मधोमध एका माणसाला बसता येईल एवढी मोकळी जागा. तिथं जायचं तर फळ्यांखालून वाकून जावं लागे. रुळांना सहा ठिकाणी फाटे फुटले होते, म्हणून सहा सांधे. सांधा म्हणजे रुळाचा तो सरकता तुकडा, जो इकडे केला की गाडी या वाटेला जाते आणि तिकडे केला की त्या. प्रत्येक सांध्याशेजारी बोटाएवढी पितळी दांडी होती. ती हातानं फिरवायची.

फळ्यांसमोर तेवढ्याच उंचीची खाट, आणि खाटेवर श्रीपतराव, थोरल्या मालकांचे धाकटे भाऊ. तिशीचेही नव्हते. औरंगाबादेला शिकायला होते तेव्हा त्यांना रेल्वेत गार्ड व्हायचं होतं. थोरल्यांनी साफ मोडता घातला. आपल्या घरच्या माणसानं फलाटावर उभं राहून झेंडी हलवायची? गावी आणलं, लग्न लावून दिलं, शेतीवर घातलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि श्रीपतराव घोडीवरून पडले. मान मोडली. जीव राहिला आणि उजव्या हाताची दोन बोटं राहिली. बाकी गळ्याखाली सगळं गेलं. मग थोरल्यांनी मुंबईहून आगगाडी मागवली. का मागवली ते सगळ्या घराला कळत होतं, आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं.

मधल्या त्या मोकळ्या जागेत श्रीपतरावांच्या पत्नी बसलेल्या असायच्या. गोदाबाई, माहेर नेकनूरचं. सकाळी स्वयंपाकघरातलं आटोपलं की त्या पदर खोचून फळ्यांखालून आत जायच्या, त्या दिवेलागणीलाच बाहेर यायच्या. गाडी चालू-बंद करायचा खटका श्रीपतरावांच्या दोन बोटांखाली होता. सांधे मात्र बाईंच्या हातात. ते म्हणायचे, तीन. बाई तिसरी दांडी फिरवायच्या. पाच. आता एक. जरा उशीर झाला की इंजिन भलत्याच फाट्याला जायचं, नाहीतर रूळ सोडून आडवं व्हायचं, आणि मग श्रीपतराव तोंडाला येईल ते बोलायचे. बाई इंजिन उचलून परत रुळावर ठेवायच्या. सहा वर्षं हे असं चाललं होतं.

हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं. वाटलं, काय नशीब एकेकाचं! मला ज्या कामासाठी बोलावलं होतं त्यात तर पुण्यच आहे, असंही वाटलं. मुंबईहून एक खोकं आलं होतं. आत सहा बारक्या मोटारी, सांधे विजेवर हलवणाऱ्या. त्या फळ्यांखाली बसवायच्या, तारा खाटेपर्यंत आणायच्या, सहा खटके श्रीपतरावांच्या बोटांखाली द्यायचे. वीज गावात कुठली असणार? मोटारगाडीच्या दोन जादा बॅटऱ्या होत्या, त्या कापसाच्या जिनात, तिथल्या इंजिनावर, भरून आणत.

खोक्यात इंग्रजी कागद होता. मला इंग्रजी शून्य. श्रीपतराव पडल्या पडल्या वाचायचे आणि मला समजावून सांगायचे. कागद त्यांच्या डोळ्यांसमोर गोदाबाई धरायच्या. त्यांना स्वतःला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण पान कधी उलटायचं ते श्रीपतरावांना कधी सांगावं लागलं नाही. ते मी पाहिलं होतं. पाहून काय उपयोग, डोक्यात मोटारीच होत्या.

काम किचकट होतं. सांध्याच्या बरोबर खाली फळीला भोक पाडायचं. त्यातून सुईएवढी तार वर काढून सरकत्या रुळाला अडकवायची. मोटार खाली अशी धरायची की तार मधोमध येईल, केसभरही इकडे-तिकडे नाही, आणि मग स्क्रू आवळायचे. उताणं पडून, तोंडावर लाकडाचा भुसा घेत. पहिली बसवायला मला तीन दिवस लागले. आणि बसली त्याच दुपारी जळाली.

चूक श्रीपतरावांची नव्हती. त्या मोटारीला वीज क्षणभरच द्यायची असते. खटका दाबला की लगेच सोडायचा. त्यांची बोटं दाबायची, पण उचलायला वेळ लागायचा. वीज वाहत राहिली, आतलं तांब्याच्या तारेचं वेटोळं तापलं आणि धूर निघाला. सोपा त्या वासानं भरला. श्रीपतराव छताकडे बघत पडून राहिले. मला म्हणाले, जाऊ द्या घडीसाज, जमायचं न्हाई. त्या वेळी मी ऐकलं असतं तर. पण माझ्या हाताला कुणी जमायचं नाही म्हणावं आणि मी ऐकावं? मी बिडाला जाऊन जुन्या घड्याळांच्या पितळी पट्ट्या घेऊन आलो. टोल देणाऱ्या घड्याळात हातोडी कशी उचलते आणि निसटते, तसा खटका मी बनवला. बोट कितीही वेळ दाबून राहो, पट्टी तारेला एकदाच चाटून पुढे निघून जाई. जळालेलं वेटोळंही मी नव्यानं गुंडाळलं. तशी युक्ती या मुलखात दुसऱ्या कुणाला सुचली नसती. अजूनही मला त्या पट्टीचा अभिमान वाटतो, आणि वाटतो म्हणून स्वतःची चीड येते.

फळ्यांखाली उताणं पडलेल्या माणसाचा घरातल्यांना हळूहळू विसर पडतो. माझ्या डोक्यावर गाडी फिरायची, आणि गाडीबरोबर त्या दोघांचं बोलणं. तीन. कोंबडी अंड्यावर बसली का? बसली. दोन. आज भाजी कुणी केली, मीठ लई झालं. जाऊबाईंनी. मग बरी झाली म्हना. चार, चार! कधी कधी बाई हसायच्या, अगदी दाबून. त्या घरात दिवसाउजेडी वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांदेखत नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायची रीत नव्हती. आमच्याही घरी नव्हती, कुणाच्याच नव्हती. रात्री श्रीपतरावांची उस्तवारी दोन गडी करायचे. बाईचं अंथरूण आत, बायकांत. म्हणजे त्या दोघांना अख्ख्या दिवसात बोलायला सांध्यांचंच निमित्त होतं. थोरले मालक सोप्यातून गेले तरी कुणाला काही वावगं वाटत नसे, कारण बाई कामाला बसलेली असे. हे सगळं मी कानांनी ऐकत होतो आणि हातांनी त्याच निमित्ताला स्क्रू आवळत होतो.

पाच मोटारी बसल्या. सहावी खोक्यात होती. दुपारी श्रीपतरावांचा डोळा लागला होता. मी पाणी प्यायला बाहेर आलो, तेव्हा गोदाबाई तांब्या घेऊन आल्या. तोपर्यंत त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. तांब्या खाली ठेवला, तिथंच उभ्या राहिल्या, आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या,

"घडीसाजभाऊ, एक सांधा हातानं राहू द्या."

मला वाटलं, यंत्रावर यांचा भरवसा नाही. मी म्हणालो, काळजी करू नका बाईसाहेब, सहाच्या सहा चालतील, मी हमी देतो. त्या तांब्या उचलून आत गेल्या.

मला खरंच तसं वाटलं का? इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण त्या संध्याकाळी सहावी मोटार हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो, हे मला पक्कं आठवतं. बाई काय मागत होत्या ते माझ्यापर्यंत पोचलं होतं. पुरतं नसेल, पण पोचलं होतं. मग मनात आलं, काम अर्धवट ठेवायचं? एक काटा न बसवता घड्याळ परत दिलं तर लोक काय म्हणतील? आणि मी सहावी बसवली. सहांमध्ये तीच सगळ्यात चांगली बसली.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी गाडी सगळ्या घरादेखत चालवली. श्रीपतरावांनी एक बोट या खटक्यावर, एक त्या, अशी सहाही फाट्यांवरून गाडी फिरवली. कुणाला हाक नाही, उशीर नाही, इंजिन एकदाही उतरलं नाही. ते घामानं निथळत होते आणि हसत होते. थोरल्यांनी डोळे पुसले. गोदाबाई आतल्या दाराच्या चौकटीशी उभ्या होत्या. थोरले तिकडे न बघता मोठ्यानं म्हणाले की सहा वर्षं धाकटीनं दिवाळीला माहेर पाहिलं नाही, आता अडचण उरली नाही, भाऊ आला की खुशाल जावं, चार दिवस विसावा घ्यावा. यात वाईट काय होतं? मीसुद्धा मान डोलावली. बाईंनी श्रीपतरावांकडे पाहिलं. श्रीपतराव इंजिनाकडे बघत होते. सगळ्यांसमोर ते आणखी कुठं बघणार होते?

घरी आलो आणि फुशारक्या मारत बायकोला सगळं सांगितलं. बाईंचं ते मागणंही सांगितलं, गंमत म्हणून. ती पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"आन् तुमी ठिवला न्हाई?"

कशाला ठेवू, म्हटलं, मोटार होती की. मोटार होती, एवढंच ती म्हणाली, आणि भाऊबीज होईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलली.

आमच्याकडे लेक माहेरी भावाबरोबर येते, पण सासरी आपणहून जात नाही. सासरचं कुणीतरी न्यायला यावं लागतं. न्यायला आलं नाही तर ती थांबते, तिचे आईबाप थांबतात, आणि गाव मोजत बसतं. बाई भावाबरोबर माहेरी गेल्या, दिवाळी गेली, कार्तिक गेला. त्या घरातून नेकनूरला कुणीच गेलं नाही. कुणाच्या मनात वाकडं नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. नुसती गरज पडली नाही. सहा वर्षं ती बाई त्या घरात सांध्यांपाशीच दिसायची. सांधे आपोआप चालायला लागले आणि ती कुणाच्या ध्यानातच राहिली नाही.

मार्गशीर्षात मला न्यायला पुन्हा मोटारगाडी आली. यंत्र बिघडलं म्हणाले. मी जाऊन सहाही खटके दाबून पाहिले. सगळं ठणठणीत. श्रीपतरावांनी गड्याला बाहेर पाठवलं. दोन महिन्यांत माणूस उतरला होता, दाढी वाढली होती. म्हणाले,

"सहाव्याची तार तोडा. दुरुस्त व्हत न्हाई म्हना. हातानं फिरवायला मानूसच लागंल म्हना."

मी विचारलं, मालक, थोरल्यांना सरळ सांगत कावून न्हाई? त्यांनी डोळे मिटून घेतले. मूर्खासारखंच विचारलं होतं मी. माझ्या बायकोला आणा, असं थोरल्या भावाला तोंडानं सांगायचं? त्या घरात असं कुणी कधी बोललं नव्हतं. माझ्याही तोंडून निघालं नसतं. बाई म्हणाल्या होत्या एक सांधा राहू द्या, आणि हे म्हणत होते एक सांधा तोडा. दोघांनी एकच गोष्ट मागितली होती, आणि दोघांनीही ती माझ्याकडे मागितली.

मी तार तोडली. मोटार काढून पितळी दांडी परत बसवली. थोरल्यांना सांगितलं, सहावा काही जमत नाही. ते म्हणाले, मग एक गडी बसवू. श्रीपतराव छताकडे बघत म्हणाले, गड्याचा हात जड पडतो, रूळ वाकतील; ज्याला सवय हाय त्यालाच जमतं. थोरल्यांचा चेहरा पार उतरला. त्यांनी पायात जोडा घातला आणि स्वतः मोटारगाडी घेऊन नेकनूरला निघाले. मोटारगाडी परत येईस्तोवर मी थांबावं, असं श्रीपतरावांनी सांगितलं. गड्याकडून दाढी करून घेतली, अंगरखा बदलून घेतला. दांडी सैल फिरते ना, हे त्यांनी मला किती वेळा विचारलं असेल! त्या दिवशी मला वाटलं, देवानं चूक सुधारायला दिली. मी खूश होतो. लाज वाटते, पण होतो.

मोटारगाडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. थोरले एकटेच उतरले. डोक्याला पटका नव्हता. मी अंगणात होतो, म्हणून त्यांनी पहिल्यांदा मला सांगितलं. बाईंना मुदतीचा ताप होता, बारा दिवस. थोरले पोचले तेव्हा शुद्ध नव्हती, रात्री बाई गेल्या. सकाळी दहन उरकून आले. मी विचारलं, आपल्याला कळवलं कावून न्हाई? थोरले म्हणाले, आपलं बोलावणं नव्हतं. बोलावणं नसताना लेकीचं दुखणं कळवायचं म्हणजे, न्या हो हिला, असं म्हटल्यासारखं होतं. तिच्या माहेरच्यांनी वाट पाहिली. मग थोरले जोत्यावर बसले. मला म्हणाले, तुमी सांगा त्याला. मी म्हणालो, माझ्यानं व्हायचं न्हाई.

थोरले उठले आणि सोप्यात गेले. मी त्यांच्या मागं. श्रीपतरावांची नजर दाराकडेच होती. थोरले फळ्यांपाशी गेले. आणि मग त्या माणसानं, ज्याच्यापुढे अख्खं गाव वाकायचं, पन्नाशीचं अंग दुमडलं, गुडघ्यांवर आला, फळ्यांखालून रांगत मधल्या मोकळ्या जागेत निघाला, आणि तिथं बसला. सहाव्या दांडीवर हात ठेवला. भावाकडे बघून म्हणाला,

"सांग. मी फिरवतो."

श्रीपतराव त्यांच्याकडे बघत राहिले. रडले नाहीत, ओरडले नाहीत. ती दोन बोटं हलत होती, नुसतीच, खटका सोडून चादरीवर. मग ते म्हणाले,

"दादा, उठा तिथनं."

थोरले उठले नाहीत. त्यांनी दांडीवर डोकं टेकलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. श्रीपतराव मान वळवू शकत नव्हते. तसेच समोर बघत मला म्हणाले,

"घडीसाज, तार जोडा."

मी फळ्यांखाली गेलो. थोरल्या मालकांचे पाय माझ्या तोंडापाशी होते. मी दांडी सोडवली, मोटार जागेवर धरली, तार मधोमध आणली, केसभरही इकडे-तिकडे नाही, आणि स्क्रू आवळले. श्रीपतरावांनी बोट ठेवलं. माझ्या डोक्यावर सांधा पहिल्याच खेपेला सरकला.

पुढं श्रीपतराव दोन वर्षं होते, असं ऐकलं. मला तिथून पुन्हा बोलावणं आलं नाही. यंत्रात काही बिघडलंच नसेल. लोक अजून विचारतात, आयुष्यात सगळ्यात चोख काम कोणतं केलंत? मी कुठल्यातरी घड्याळाचं नाव सांगतो.